स्क्रीन बंद ठेवून

कॅमिला डाबरेने बर दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत एकोणीस वर्षं कागदपत्रं बनवली. जहाजावर कुठला कंटेनर चढला, त्यात काय आहे, तो कोणाकडून कोणाला चाललाय, हे सगळं कम्प्युटरवर भरायचं आणि गिऱ्हाइकाला पाठवायचं, हे तिचं काम. वसईच्या गिरीज गावातून लग्न होऊन ती दुबईला आली, तेव्हा तिची टायपिंगची परीक्षा झालेली होती आणि हात चांगला चालायचा. ऑफिसात तिच्या फायलीवर दुसरं कोणी नजर टाकत नसे. कॅमिलाने केलंय म्हणजे ते बरोबरच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

पंचेचाळिसाव्या वर्षी तिला आकडे दगा द्यायला लागले. तीन आणि आठ तिला सारखेच दिसायचे.

खरं तर डोळ्यांचं दुखणं जुनं होतं. तिशीतच तिला अंधारात चाचपडायला होई. नवरा ऑस्कर एका हॉटेलात मेजवान्यांच्या हॉलचा कॅप्टन होता. एकदा त्याने तिला तिथल्या पार्टीला नेलं, तर मंद उजेडात ती सरळ एका वेटरच्या ट्रेवर जाऊन आदळली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यातला पडदा कडेकडेने वाळत चाललाय, औषध नाही, वेग मात्र सांगता येणार नाही. समोरचं दिसे, बाजूचं दिसेनासं झालं. मग समोरचंही धुरकट व्हायला लागलं. ही गोष्ट फक्त ऑस्करला माहीत होती. मुलगी अ‍ॅशले पंधरा वर्षांची, शाळेत शिकणारी. तिला उगाच घोर नको, असं दोघांनी ठरवलं. ऑफिसात तर सांगायचा प्रश्नच नव्हता. नोकरी गेली की व्हिसा गेला, इतकं साधं गणित तिथल्या प्रत्येकाला पाठ असतं. ऑस्करच्या हॉटेलात दर उन्हाळ्यात माणसं कमी करायचे, त्यामुळे घराचा भरवसा तिच्याच पगारावर होता.

कॅमिलाने मग पाठांतर सुरू केलं. फॉर्ममधला कोणता रकाना कुठे येतो, किती वेळा टॅब दाबला की वजनावर जायचं, हे सगळं तिने घोकून टाकलं. अक्षरं मोठी केली, स्क्रीन नाकाजवळ ओढली. चष्म्याचा नंबर बदललाय, असं सांगत राहिली. मीना बाजारच्या मागच्या गल्लीतल्या घरापासून ऑफिसपर्यंतची पावलंही तिला पाठ होती.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका कंटेनरच्या कागदांत तिने सीलचा नंबर चुकवला. सील म्हणजे कंटेनरच्या दाराला ठोकतात ते लोखंडी कुलूप. त्याच्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला नाही, तर माल अडकतो. कॅमिलाने आठच्या जागी तीन भरला. खोर फक्कानच्या बंदरात तो कंटेनर सहा दिवस अडून राहिला. आत फुजैराच्या एका नव्या बेकरीच्या भट्ट्या होत्या. बेकरीच्या उद्घाटनाची पत्रिका वाटून झाली होती. मालक ऑफिसात येऊन नको नको ते बोलून गेला.

ते कागद शेवटी ममताच्या नावाने गेले होते. ममता अमरावतीची, चार वर्षांपासून कॅमिलाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. ती आल्यापासून कॅमिलाने भरायचं आणि ममताने पाठवायचं, अशी वाटणी झाली होती. मॅनेजर रामेश्वर सरांनी ममताला आत बोलावून झापलं आणि समजपत्र हातात दिलं. केबिनचं दार उघडंच होतं. कॅमिला बाहेर बसून शब्दन्‌शब्द ऐकत होती. उठून आत जावं, असं तिला वाटलं. पण ती उठली नाही. ममता बाहेर आली, खुर्चीत बसली आणि कामाला लागली. त्या दिवशी कॅमिलाने डबा तसाच घरी परत नेला. ऑस्करलाही तिने पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

तिच्या पर्समध्ये एक कागद चार महिने पडून होता. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी करणारी एमान नावाची इजिप्शियन बाई होती, तिने तो दिला होता. त्यावर अफशा नावाच्या कोणा बाईचा फोन नंबर होता. डोळे अधू झालेल्या माणसांचा एक कम्प्युटर ग्रुप आहे, ते एकमेकांना सॉफ्टवेअर देतात आणि शिकवतात, एवढंच एमान म्हणाली होती. कॅमिलाला तेव्हा राग आला होता. आपण त्या माणसांतल्या नव्हेच, असं तिचं म्हणणं होतं. आता तिने तो कागद ऑस्करपुढे धरला आणि नंबर वाचायला सांगितला.

अफशा मूळची हैदराबादची, पण वाढलेली शारजात. ती जन्मापासून पाहू शकत नव्हती आणि एका बँकेच्या ग्राहकसेवेत फोन घ्यायची. तिने कॅमिलाला डोळ्यांविषयी काहीच विचारलं नाही. घरी कोणता कम्प्युटर आहे, ऑफिसात कोणतं सॉफ्टवेअर चालतं, एवढं विचारून घेतलं आणि मग म्हणाली, "एक बात बताइए. गुस्सा किस ज़बान में आता है आपको?"

कॅमिला गोंधळली. मग म्हणाली, "मराठीत."

"फिर ठीक है," अफशा म्हणाली, "आपके लिए आदमी है हमारे पास. शनिवार को आ जाइए."

नवख्या माणसाला त्याच्या भाषेत शिकवणारा सोबती द्यायचा, अशी त्या ग्रुपची रीत होती. घाबरलेला माणूस परक्या भाषेत शिकत नाही, असं अफशाचं मत होतं.

शनिवारी दुपारी ऑस्करने तिला अब्राने खाडीपलीकडे नेलं. लाकडी होडीत पाय टाकताना मधल्या फटीचा तिला अंदाज येईना. ऑस्करने कोपराला धरून उचललंच. देरातल्या एका कम्प्युटर क्लासच्या मालकाने शनिवारची दुपार या लोकांना मोकळी दिली होती. आत दहा-बारा माणसं होती. कोणाच्या हातात पांढरी काठी होती, कोणी भिंतीला धरून चालत होतं. सगळे कम्प्युटर चालू होते आणि सगळ्यांच्या स्क्रीन बंद. प्रत्येक टेबलावरून बारीक, घाईघाईचे आवाज येत होते. ते कम्प्युटरचं बोलणं होतं, पण इतकं वेगात की कॅमिलाला एकही शब्द कळेना. तिला वाटलं, आपल्याला हे या जन्मी जमायचं नाही. ती ऑस्करला हळूच म्हणाली की थोडा वेळ बसू आणि निघू.

अफशाने ग्रुपचे नियम समजावून सांगितले. कम्प्युटरवरचं सगळं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. जगभरच्या अंध माणसांनीच मिळून ते लिहिलेलं होतं. ते पेनड्राइव्हवर घालून सगळ्यांना दिलं जाई. सोबत ग्रुपने स्वतः जमवलेल्या गोष्टी असत: कोणत्या बँकेची साइट कशी वापरायची याच्या रेकॉर्डिंग्ज, मूळ सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी जोडसॉफ्टवेअर, वेगवेगळ्या भाषांचे आवाज. ज्याला काही नवं सुटेल, त्याने ते ग्रुपमध्ये ठेवायचं, एवढीच वर्गणी. आणखी एक नियम कडक होता. चोरून उघडलेलं सॉफ्टवेअर इथे आणायचं नाही. असंच काम करणारं एक विकतचं सॉफ्टवेअर चार हजार दिरहमला होतं. ऑस्करने तिथल्या तिथे मोठ्याने हिशेब केला, नव्वद हजार रुपयांच्या वर. मागे एकाने त्याची चोरटी प्रत आणली, तेव्हा अफशाने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. फुकटचं आहे ते शिका, नाहीतर विकत घ्या, तिसरा रस्ता नाही, असं ती म्हणे.

मग कॅमिलाचा सोबती आला. दौलत त्याचं नाव. पन्नाशीचा, संगमेश्वराकडचा, पूर्वी रास अल खोरच्या एका गोदामात माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवणारा. सात वर्षांपूर्वी बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर उडालं आणि दोन्ही डोळे गेले. मालकाने त्याला परत पाठवायच्या ऐवजी गोदामाच्या फोनवर बसवलं. कोणत्या रॅकवर काय आहे हे त्याला तोंडपाठ होतं, म्हणून. पुढे अफशाच्या ग्रुपमध्ये तो कम्प्युटर शिकला. त्याआधी आयुष्यात त्याने कीबोर्डला हातही लावला नव्हता.

कॅमिलाला अवघडल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं आपण कम्प्युटरवर काढली आणि आता हा फोर्कलिफ्टवाला आपल्याला शिकवणार. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण दौलतला बहुधा कळलं असावं. त्याने विचारलं, "मॅडम, टायपिंग येतं तुम्हाला? न बघता?"

"येतं."

"मग निम्मं झालंच. मला तर एकेक अक्षर शोधायला दोन महिने लागले."

पहिले पाच-सहा आठवडे मात्र काहीच जमलं नाही. दौलत दर शनिवारी शेजारी बसे आणि आठवड्यात दोनदा फोनवर शिकवी. कॅमिला घरी लॅपटॉपवर सराव करायची. आवाजाचा वेग तिने अगदी कमी ठेवला होता. तरी तो कानावर आदळायचा आणि तिची बोटं अडखळायची. आवाज बोलत असतानाच ती डोळे बारीक करून स्क्रीनही वाचू पाही. दोन्ही एकदम करताना डोकं दुखून येई.

एका शनिवारी दौलत तिला मेल उघडायला शिकवत होता. मधेच तो थांबला.

"मॅडम, तुम्ही बघताय."

"नाही."

"बघताय. आवाज सांगून मोकळा होतो, आणि तुमचा हात मागे राहतो. तो डोळ्यांची वाट बघतो." त्याने चाचपत हात पुढे केला आणि स्क्रीनचं बटन दाबून ती बंद केली. "मला तर बघायची सोय नव्हती, म्हणून लवकर आलं. तुम्हाला सोय आहे, हाच त्रास आहे. घरी पण बंदच ठेवा."

कॅमिलाला ते बोलणं लागलं. पण घरी जाऊन तिने लॅपटॉपच्या स्क्रीनवर अ‍ॅशलेच्या शाळेच्या वहीचा पुठ्ठा चिकटवला. त्या रात्री कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिचं डोकं दुखलं नाही. महिनाभरात ती मेल वाचायला, उत्तर द्यायला, फाइल शोधायला लागली. आवाजाचा वेग एकेक पायरी वर सरकत गेला. तीन आणि आठ डोळ्यांना सारखे दिसत. कानांना त्यांचा घोळ कधीच झाला नाही.

अ‍ॅशलेला ही गोष्ट कळली ती याच आवाजामुळे. ती शाळेतून लवकर आली आणि आतल्या खोलीत कोणीतरी झरझर बोलतंय असं तिला ऐकू आलं. दारात उभी राहून तिने पाहिलं, तर आई पुठ्ठा लावलेल्या स्क्रीनपुढे बसून टाइप करतेय. "मम्मा, हू इज दॅट टॉकिंग?" तिने विचारलं. कॅमिलाने तिला पलंगावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अ‍ॅशले म्हणाली, "टू इयर्स अगो, ॲट द स्कूल गेट, आय वेव्ह्ड ॲट यू. यू जस्ट वॉक्ड पास्ट मी. आय थॉट यू वेअर अशेम्ड ऑफ मी." कॅमिलाला तो दिवस आठवतही नव्हता. मुलीला दोन वर्षं काय काय वाटत राहिलं असेल, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. त्या संध्याकाळी ऑस्कर कामावरून आला, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बसून माशाला मीठ-मसाला लावत होत्या, आणि फ्रिजमध्ये काय कुठे ठेवायचं ते अ‍ॅशले ठरवत होती.

आता ऑफिसचं काय, हा प्रश्न होता. दौलतने सुचवलं की ते सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरूनही चालतं, कम्प्युटरमध्ये घालावं लागत नाही. कानात इअरफोन घालून बसलं तर कोणाला पत्ता लागणार नाही. कॅमिलाला ते पटलंही होतं. अफशाने मात्र चक्क नाही म्हटलं. ऑफिसच्या कम्प्युटरला न विचारता काही लावलं आणि उद्या पकडलं गेलं, तर डोळ्यांमुळे नव्हे, चोरीमुळे नोकरी जाईल. आणि मग ग्रुपमधल्या पुढच्या माणसालाही कोणी दारात उभं करणार नाही. विचारायचं असेल तर समोर जाऊन विचार, असं तिने बजावलं.

कॅमिलाने दोन आठवडे घालवले. जूनच्या एका गुरुवारी सकाळी ती रामेश्वर सरांच्या केबिनमध्ये गेली. सर परभणीचे, बावीस वर्षं दुबईत काढलेले, कामाला कडक, पण उगाच कोणाच्या वाटेला न जाणारे.

"सर, त्या सील नंबरसाठी ममताला पत्र दिलंत ना," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "ते मला द्यायला हवं होतं. तो नंबर मी भरला होता. मला दिसला नाही."

सरांनी तिला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. तिने सगळं सांगितलं. डॉक्टरचे कागद पुढे ठेवले.

"किती दिसतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाक दिसतं. कान दिसत नाहीत."

"मग इतके दिवस काम कसं केलंत?"

"पाठ करून, सर. आणि घाबरत."

कॅमिलाने पर्समधून पेनड्राइव्ह काढला, सॉफ्टवेअर काय आहे ते समजावलं, कम्प्युटरवाल्यांकडून तपासून घ्या आणि मगच लावा, असं सांगितलं. सर शेवटी म्हणाले की असा मामला त्यांच्यापुढे आजवर आला नव्हता. एक महिना देतो. चुका स्वतः मोजेन. पुढचं इन्शाल्ला बघू. आणि ममताचं पत्र आजच रद्द होईल.

ते रद्द झालं. दुपारी कॅमिलाने ममताला जिन्यात गाठलं आणि माफी मागितली. ममताने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला दिसत नव्हतं, हे मी समजू शकते," ती म्हणाली. "पण सर मला बोलत होते, ते तुम्हाला ऐकू तर येत होतं ना?"

ममता खाली निघून गेली. त्यानंतर कितीतरी आठवडे ती कामापुरतंच बोलली, आणि कॅमिलानेही तिच्याकडून जास्त अपेक्षा केली नाही.

महिना सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी घोडं अडलं. मेल, तक्ते, पत्रं, सगळं वाचलं जात होतं. पण ज्या बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर ऑफिसचं खरं काम चालायचं, तिथे आवाज मुकाच झाला. त्या सॉफ्टवेअरची बटनं म्हणजे नुसती चित्रं होती. त्यांना नावंच दिलेली नव्हती. कॅमिला एकेक बटनावर जाई आणि कानात येई: बटन. बटन. बटन. कुठलं साठवायचं, कुठलं पाठवायचं आणि कुठलं पुसून टाकायचं, काही कळायला मार्ग नाही. एकदा तिने अंदाजाने दाबलं आणि अर्ध्या तासाचं काम पुसलं गेलं.

तिने दौलतला फोन लावला. दौलत म्हणाला की हे त्याच्या आवाक्यातलं नाही, हे अबुजरचं काम. अबुजर हा ग्रुपमधला प्रोग्राम लिहिणारा. लखनौकडचा, पस्तिशीचा, स्वतः अंध, खोर फक्कानला भावाच्या घरी राहून एका कंपनीचं काम करायचा. शनिवारी क्वचितच यायचा, फोनवर मात्र सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. त्याने सांगितलं की सॉफ्टवेअर हाताखाली असल्याशिवाय तो काही करू शकणार नाही. कॅमिलाने पुन्हा सरांकडे जाऊन परवानगी काढली. नव्या माणसांना शिकवायला ऑफिसात एक सरावाची प्रत होती, त्यात कोणाही गिऱ्हाइकाची माहिती नव्हती. ती एका लॅपटॉपवर घालून मिळाली.

ऑस्करच्या सुट्टीच्या दिवशी मित्राची गाडी घेऊन ते खोर फक्कानला गेले. डोंगर फोडून काढलेल्या रस्त्याने, बोगद्यांतून. बोगदा आला की कॅमिलाच्या डोळ्यांपुढे सगळं काळं होई आणि बाहेर पडलं की भगभगीत पांढरं. तिने डोळे मिटून घेतले. अबुजरच्या घरी भावजयीने आल्याबरोबर बिर्याणी पुढे ठेवली. जेवण झाल्यावर दोघं लॅपटॉप घेऊन बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. अबुजर बटन दाबायला सांगे, काय झालं ते विचारी, आणि कॅमिला एकोणीस वर्षांच्या आठवणीतून सांगे: हे साठवायचं, हे छापायचं, हे मागच्या पानावर जायचं. तो प्रत्येक बटनाला नाव देत गेला. एकसष्ट बटनं निघाली. अबुजर म्हणाला की बटनं मोजणारे त्याला पुष्कळ भेटलेत, पण प्रत्येक बटन दाबल्यावर ऑफिसात पुढे कोणाला काय करावं लागतं, हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

पहिल्यांदा केलेलं चाललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. सहाव्या वेळी बटनांची नावं आली, पण रकान्यांची उलटीपालटी झाली. तोवर कॅमिला स्क्रीन नाकाजवळ ओढून, प्रत्येक आकडा दोनदा पडताळत काम रेटत होती. अकरावी आवृत्ती अबुजरने एका मंगळवारी पाठवली. ऑफिसच्या कम्प्युटरवाल्याने तपासून ती लावली आणि कॅमिलाने टॅब दाबला. कानात आलं, "सील क्रमांक." पुढे एकेक आकडा सुटा सुटा.

महिना संपला. सरांनी तिच्या कागदांतल्या चुका मोजल्या होत्या. दोन निघाल्या, दोन्ही पहिल्या आठवड्यातल्या. सरांनी तिचं काम थोडं बदललं. हाताने लिहिलेले कागद आणि शिक्के ममताकडे गेले. त्याबदल्यात गिऱ्हाइकांच्या मेलचं सगळं ओझं कॅमिलाकडे आलं, कारण आता ते ती ऑफिसात सगळ्यांपेक्षा वेगाने वाचायची. पगार होता तोच राहिला. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही. जे मिळालं ते तिला पुरेसं वाटलं.

अबुजरचं ते जोडसॉफ्टवेअर ग्रुपमध्ये ठेवायचं, तर ऑफिसला विचारणं भाग होतं. सरांनी वरच्यांना विचारलं, वरच्यांनी दोन महिने लावले, आणि आपल्या कंपनीचं नाव त्यात कुठे नसेल तर हरकत नाही, असं उत्तर आलं. त्या शनिवारी देराच्या क्लासमध्ये अफशाने ते सगळ्यांच्या पेनड्राइव्हवर घातलं. तेच बुकिंगचं सॉफ्टवेअर इतरही शिपिंग ऑफिसांत चालत होतं. ग्रुपमधली सान्वी नावाची एक मुलगी बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसली होती, तिला त्याच्या जोरावर अजमानला नोकरी लागली. पुढे मस्कतहून आणि कोचीनहून अनोळखी माणसांचे मेल येऊ लागले. कोणी आभार मानी, कोणी अमुक बटन चालत नाही म्हणून कळवी. कॅमिला सगळ्यांना उत्तर द्यायची.

दौलत आणि ती आता वेगळ्याच कामाला लागले होते. सॉफ्टवेअरचा मराठी आवाज 'माझा', 'जागा', 'चूल' हे शब्द हिंदी धाटणीने म्हणायचा. दौलत वैतागून म्हणे की हा बुवा कानपूरहून थेट आपल्या घरात शिरलाय. उच्चार सुधारायची एक यादी त्या सॉफ्टवेअरला देता येत होती. दौलतने दोनशे शब्दांची यादी केली होती, कॅमिलाने ती वाढवली. फोनवर दोघांची भांडणंही होत. संगमेश्वरचा उच्चार बरोबर की वसईचा, यावर अर्धा अर्धा तास जाई. कधी ती दौलतला दौलतभाऊ म्हणायला लागली आणि कधी त्याने मॅडम सोडून ताई धरलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी रास अल खोरचं ते गोदाम बंद झालं. मालकाने दौलतचा हिशेब चोख केला आणि तिकीट काढून दिलं. शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी चहा-सामोसे मागवले. बायको गिरिजा गावी एकटीच सगळं बघते, आता तिला हातभार लागेल, एवढंच दौलत म्हणाला. गेल्यावर त्याने गावातल्या भाच्याच्या दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस माणसं यायची ती आंधळा माणूस कम्प्युटर कसा चालवतो ते बघायला; मग कामं घेऊन यायला लागली. शनिवारी दुपारी तो फोनवरून ग्रुपमध्ये असतोच.

मराठीतून शिकवायची जागा त्यामुळे कॅमिलाकडे आली. आजवर तिने तिघांना शिकवलं. एक जण मधेच सोडून गेला. त्याचं तिला वाईट वाटलं, पण अफशा म्हणाली की तो परत येईल, नाही आला तरी त्याच्याकडे आपला नंबर आहे.

गेल्या पावसाळ्यात ती वसईला जाऊन परत आली, तर तोवर बुकिंगच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि एकसष्टच्या एकसष्ट बटनं पुन्हा मुकी झाली होती. अबुजरला नवं जोडसॉफ्टवेअर लिहायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस ममता आपली खुर्ची कॅमिलाच्या टेबलाजवळ ओढून बसली आणि एकेक रकाना वाचून दाखवत राहिली. तिला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. दहाव्या दिवशी तिने खुर्ची परत नेली आणि म्हणाली, "खलास. आता माझं काम मला करू द्या." कॅमिला हसली. ममताही हसली असावी. कॅमिलाला चेहरा दिसला नाही, आवाजावरून तसं वाटलं.

हे दर वर्षी व्हायचं असेल तर अबुजर एकटा किती पुरा पडणार, असा विचार कॅमिलाने केला आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीलाच पत्र लिहिलं. कोणत्या बटनाला कोणतं नाव हवं, याची संपूर्ण यादी सोबत जोडली. उत्तर आलं की तुमची सूचना नोंदवण्यात आली आहे. तिने पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. सान्वीने लिहिलं, मस्कतच्या माणसाने लिहिलं. पाचव्या महिन्यात त्या कंपनीतल्या एका माणसाचा फोन आला. आमच्याकडे हे काम कोणी केलेलं नाही, तर यादीतली पहिली दहा बटनं करून पाहू का, आणि तुम्ही तपासून द्याल का, असं तो विचारत होता. कॅमिलाने होकार दिला आणि मंगळवारी अकराची वेळ ठरवली.

मग तिने रामेश्वर सरांना मेल लिहिला, की मंगळवारी सकाळी तिला एक तास मोकळा लागेल.